वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारींतील हवेच्या सोयी

मोटारींत वातानुकूलन सर्रास येण्यापूर्वी हवा खेळती ठेवण्यासाठी जी जोडसाधने वापरली जात, त्यांच्याविषयीची पत्रे या महिन्यात मोठ्या संख्येने आली आहेत. त्यांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पहिल्या दोन पत्रांचा विषय एकच असल्यामुळे आणि त्या साधनाविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नसल्यामुळे त्यांच्या उत्तराला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९५० सालची चार दारांची शेव्हरले आहे. येथील जुन्या सुट्या भागांच्या बाजारात खिडकीला बाहेरून टांगायचा, नळकांड्याच्या आकाराचा पाण्यावर चालणारा कूलर मिळतो आहे. तो त्या काळचा अस्सल आहे असे विक्रेता सांगतो. तो पारखावा कसा? आणि तो नुसता शोभेचा आहे की खरोखर गारवा देतो?
— एक वाचक, टेम्पी, ॲरिझोना

उत्तर : आपण ज्या प्रदेशात राहता, त्याच प्रदेशासाठी हे साधन जन्माला आले. ॲरिझोना, नेवाडा, न्यू मेक्सिको या कोरड्या, तापलेल्या राज्यांतून लांबचा प्रवास करणाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे असे कूलर मोठ्या प्रमाणावर वापरले. लॉस एंजेलिसच्या थर्मॅडोर कंपनीचा कूलर त्यांतला सर्वांत प्रसिद्ध असून आज संग्राहकांची मागणीही त्यालाच अधिक आहे. त्या वेळी मोटारीत यंत्राने थंड केलेली हवा ही श्रीमंतांनाही सहज न परवडणारी गोष्ट होती. पॅकार्ड कंपनीने १९४०च्या मॉडेलसाठी कारखान्यातूनच वातानुकूलन देऊ केले, तेव्हा त्याची किंमत २७४ डॉलर होती. शिवाय ते यंत्र डिकीतली बरीचशी जागा अडवून बसे, आणि त्याच्या कॉम्प्रेसरला क्लच नसल्यामुळे ते बंद ठेवायचे झाल्यास इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवावा लागे. ही परिस्थिती लक्षात घेतली म्हणजे पत्र्याच्या एका नळकांड्याने वाळवंटातल्या प्रवाशांना केवढा दिलासा दिला असेल, याची कल्पना येते.

या कूलरला वीज लागत नाही, पंखाही लागत नाही. नळकांड्याचे तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला असते. गाडी वेगात निघाली की समोरची हवा आपोआप त्यात शिरते, पाण्याने भिजलेल्या लाकडी कीसाच्या थरातून जाते आणि खिडकीच्या बाजूला असलेल्या जाळीतून प्रवाशाच्या अंगावर येते. तळाशी पाण्याची टाकी असते. आतल्या बाजूला लोंबणारी दोरी ओढली की आतली जाळीची नळी फिरते आणि तिच्यावरचा कीस टाकीत बुडून पुन्हा वर येतो. थोड्या थोड्या वेळाने दोरी ओढत राहायचे, एवढेच प्रवाशाचे काम. दोरी जोरात ओढली किंवा गाडी फार वेगात असताना ओढली, तर गारव्याबरोबर पाण्याचे शिंतोडेही कपड्यांवर येतात, म्हणून चालकाने वेग जरा कमी करावा आणि शेजारच्याने दोरी हलक्या हाताने ओढावी.

गारवा येतो तो पाण्याच्या वाफेमुळे. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. एक किलोवॉटची शेगडी ४० मिनिटे चालवल्यावर जेवढी उष्णता मिळेल, तेवढी ही आहे. मात्र हवा किती थंड होऊ शकते याला एक मर्यादा असते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातल्यावर पारा जिथे स्थिरावतो, त्याच्या खाली असा कोणताही कूलर जाऊ शकत नाही. आपल्याकडे जूनच्या दुपारी तापमान ४२ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता १० टक्के असेल, तर ही मर्यादा २० अंशांच्या जवळ येते, म्हणजे तत्त्वतः २२ अंशांचा वाव मिळतो. इतक्या लहान साधनाकडून तो सगळा वाव वापरला जाणार नाही, पण निम्म्याहून थोडा अधिक वापरला गेला तरी जाळीतून येणारी हवा तिशीच्या आत असते. जुलैत पावसाळी ढग आले आणि हवेत दमटपणा वाढला की हाच कूलर निष्प्रभ होतो. त्या दिवसांत तो काढून ठेवावा.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण बहुतेक नवे मालक तिथेच फसतात. ओली हवा आत येत राहायची, तर आतली हवा बाहेर जायला वाट हवी. सगळ्या काचा घट्ट लावून हा कूलर चालवला तर काही मिनिटांत आतली हवा दमट होते, काचांवर बाष्प धरते आणि गारवा थांबतो. कूलर पुढच्या उजव्या खिडकीत असेल, तर मागची डावी काच दोन बोटे उघडी ठेवावी. अशाने हवा गाडीतून तिरकी वाहते आणि मागे बसलेल्यांनाही तिचा लाभ मिळतो.

आता पारखण्याविषयी. अशा कूलरच्या नव्या प्रतिकृतीही बनतात आणि त्या प्रामाणिकपणे प्रतिकृती म्हणून विकल्या गेल्या तर त्यांत वावगे काही नाही. जुना म्हणून घ्यायचा असेल तर बाहेरचा रंग शेवटी पाहावा, आधी आत पाहावे. जाळी काढून टॉर्चच्या उजेडात टाकीची आतली बाजू नीट न्याहाळा. वर्षानुवर्षे पाणी ज्या पातळीपर्यंत राहिले, तिथे क्षारांची पांढुरकी रेघ आणि तिच्या खाली गंजाचे बारीक खड्डे दिसतात. हा डाग कृत्रिम रीतीने हुबेहूब आणणे अवघड असते. आतला कीस नवा असेल तर शंका घेऊ नका, कारण तो बदलायचाच असतो. उलट ‘मूळचा कीस अजून आत आहे’ याचे कौतुक कोणी करत असेल, तर त्यात बुरशी धरलेली नाही ना ते पाहा. दोरीच्या नळीच्या दोन्ही टोकांचे टेकू झिजलेले आहेत का, ती हाताने सैल फिरते का, आणि खिडकीत अडकवायचे कंस व खालचा आधाराचा दांडा सोबत आहेत का, हे तपासा. हे कंस आणि दांडे हमखास हरवलेले असतात आणि त्यांच्याशिवाय कूलर वेगात थरथरून दाराचा रंग खरवडतो. कंसाखाली पातळ रबर किंवा नमद्याचा तुकडा ठेवल्याखेरीज तो कधीही चढवू नये.

प्रवास संपल्यावर टाकी रिकामी करून कीस उन्हात वाळवावा. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि त्यावरून आलेली हवा थेट नाकातोंडात जाते, म्हणून या बाबतीत आळस करू नये.

प्रश्न : माझी १९६० च्या दशकातली अ‍ॅम्बॅसेडर आहे. वरच्यासारखा अमेरिकन कूलर परदेशातल्या नातलगांकडून मागवावा असा विचार आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात तो उपयोगी पडेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : हवेच्या दृष्टीने पाहिले तर महाराष्ट्रात या साधनाला नागपूरइतकी योग्य जागा दुसरी क्वचितच सापडेल. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असताना ओल्या फडक्याच्या तापमापकाचा पारा साधारण २३ अंशांवर थांबतो. विदर्भातल्या घराघरांत वाळ्याच्या ताट्या लावलेले कूलर चालतात ते याच वावाच्या बळावर, त्यामुळे हे तत्त्व आपल्याला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबईत मात्र ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना ही मर्यादा २८ अंशांच्या वर असते. तिथे हा कूलर चार-साडेचार अंशांचा वाव वापरता वापरता अंगाला घाम आणील. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांनी तो फक्त प्रदर्शनापुरता लावावा.

आपली खरी अडचण वेगळी आहे. हे कूलर अमेरिकेतल्या डाव्या चाकाच्या गाड्यांसाठी, म्हणजे प्रवाशाच्या उजव्या खिडकीसाठी बनवलेले असतात. आपल्या गाडीचे चाक उजवीकडे असल्यामुळे प्रवाशाची खिडकी डावीकडे येते. उजव्या खिडकीचा कूलर तसाच उचलून डाव्या खिडकीत लावला तर हवा बाहेर पडायची जाळी रस्त्याकडे तोंड करते. ती आत वळवावी म्हणून कूलर पुढचा मागे फिरवला तर हवा घेणारे तोंड मागे जाते, आणि उलटा केला तर टाकी वर येते. चालकाच्या खिडकीत तो लावणे तर अजिबात योग्य नाही, कारण उजव्या बाजूची दृष्टी आणि हाताचा इशारा दोन्ही अडतात. म्हणून मागवण्यापूर्वी विक्रेत्याकडून तीन छायाचित्रे अवश्य घ्या : हवा घेणाऱ्या तोंडाचे, जाळीचे आणि कंसांचे. जाळी दोन्ही बाजूंना बसवता येईल अशी रचना असेल तरच पैसे खर्च करा.

अ‍ॅम्बॅसेडरच्या पुढच्या दाराला त्रिकोणी क्वार्टर ग्लास असल्यामुळे मुख्य काचेची मोकळी जागा लांबीला कमी भरते, तीही आधी टेपने मोजून घ्या. वाळ्याचा एक पातळ थर कीसाऐवजी वापरून पाहायला माझी मुळीच हरकत नाही. त्याचा सुगंध दुपारच्या प्रवासात फार सुखावह असतो. फक्त थर इतका दाट नको की हवा अडेल, कारण घरच्या कूलरसारखा पंखा येथे मागे नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांची प्रीमिअर पद्मिनी मी दुरुस्त करून घेतो आहे. पुढच्या दोन्ही दारांच्या क्वार्टर ग्लासच्या मुठी तुटल्या आहेत, रबर कडक झाले आहे आणि पावसात पाणी येते. गॅरेजवाले म्हणतात की त्रिकोणी काच काढून टाकू आणि सलग एकच काच बसवू, म्हणजे कटकट मिटेल. काय करावे?
— एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : कृपया तसे करू नका. ती त्रिकोणी काच म्हणजे आपल्या गाडीचे हवेचे सर्वांत चांगले साधन आहे आणि एकदा चौकट कापली की ती पूर्ववत करणे खर्चिक व अवघड होते.

या काचेचा इतिहास मोठा आहे. जनरल मोटर्सने १९३३च्या मॉडेलांमध्ये फिशर बॉडी या आपल्या बॉडी बनवणाऱ्या विभागाने तयार केलेली ‘नो ड्राफ्ट’ नावाची खिडकी आणली आणि नंतर ती जगभर पसरली. तिच्या रचनेत साधेपणा आणि शहाणपण दोन्ही आहेत. काच उभ्या आसावर फिरते. ती थोडीशी उघडली की पुढची कड आत आणि मागची कड बाहेर राहते, आणि बाहेरून जाणारा वारा मागच्या कडेपाशी हवेचा दाब कमी करून आतली कोंदट हवा, सिगारेटचा धूर, काचेवरचे बाष्प बाहेर खेचून घेतो. पावसाच्या बारीक सरीतही ती अशी किंचित उघडी ठेवता येते. हीच काच पुरती फिरवली, काटकोनाच्याही पलीकडे नेली, की ती वारा अडवून सरळ चालकाच्या छातीवर टाकते. एकच काच हवा बाहेर काढायचे आणि आत आणायचे अशी दोन्ही कामे करते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींतून ज्यांनी मे महिन्यात प्रवास केला आहे, त्यांना चालकाने कोपराने ढकलून उघडलेली ती काच आठवत असेल. त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. म्हणूनच खासगी गाड्यांतले हे भाग आता जपले पाहिजेत.

ही काच पुढे मागे का पडली, हेही थोडक्यात सांगतो. १९६४च्या शरद ऋतूत ब्रिटनमध्ये फोर्ड कॉर्टिनाला ‘एरोफ्लो’ नावाची व्यवस्था मिळाली. डॅशबोर्डवर फिरवता येणारी गोल छिद्रे आणि मागच्या खांबांवर हवा बाहेर जाण्याच्या जाळ्या असल्यामुळे काचा बंद असतानाही हवा वाहती राहू लागली. मग त्रिकोणी काचेची गरज उरली नाही. आपल्या गाडीत ती व्यवस्था नाही. त्रिकोणी काच गेली तर तिच्या जागी दुसरे काहीच येणार नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. मुठी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. हा धातू चारशे अंशांच्या आतच वितळतो, तर पितळी झाळणीला नऊशे अंशांच्या आसपास ताप लागतो. वेल्डिंगवाल्याकडे तुटलेली मूठ दिली तर ती त्याच्या हातात पाण्यासारखी ओघळेल. तुटका तुकडा आपल्याकडे असेल तर मोडीच्या दोन्ही तोंडांना आधी तांब्याचा मुलामा द्यावा, मग कमी तापमानाच्या कथलाने जोडून, घासून पुन्हा तांबे, निकेल आणि क्रोम असे थर चढवावेत. हे काम करणारे मुलामेवाले अजून आहेत, पण त्यांना ‘हे जस्त आहे’ असे आधी सांगावे लागते. तुकडा हरवला असेल तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा चोर बाजारात शोध घ्या. पद्मिनी कुर्ल्याच्याच कारखान्यात तयार होत असे, त्यामुळे तिचे सुटे भाग इतर जुन्या गाड्यांच्या मानाने अजून हाताला लागतात. मूठ घेताना डावी-उजवी तपासून घ्या आणि खिट्टीचा दात झिजलेला नाही ना ते बोटाने चाचपून पाहा.

रबर नवेच घाला. कडक झालेल्या रबराला तेल-ग्रीस लावून मऊ करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि काही महिन्यांत चिकट होऊन फाटते. नवे रबर बसवताना सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवला तर पुरे. खालच्या कोपऱ्यात रबराचे दोन पट्टे जिथे एकत्र येतात, तिथेच पाणी शिरते. तो सांधा उभा कापण्याऐवजी तिरका कापून चिकटवावा.

काच वेगात आपोआप मिटत असेल तर दोष मुठीचा नसतो. दाराचे आतले आवरण काढल्यावर काचेच्या खालच्या आसाला स्प्रिंग, वॉशर आणि नट दिसतात. तो नट थोडा थोडा आवळत जावा आणि प्रत्येक वेळी काच हाताने फिरवून पाहावी. ती दोन बोटांनी फिरावी, पण वाऱ्याने फिरू नये, एवढा ताण योग्य. त्याहून जास्त आवळले तर काच वरच्या कोपऱ्यात तडकते.

प्रश्न : मी रबरी पात्यांचा, ६ व्होल्टचा जुना अमेरिकन डॅशबोर्ड पंखा घेतला आहे. तो माझ्या बेबी हिंदुस्तानला लावायचा आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सरळ जोडा. जोडू का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : सरळ जोडू नका. आपली गाडी मॉरिस मायनरची भारतीय आवृत्ती आहे. तिची विद्युत व्यवस्था १२ व्होल्टची आहे आणि मूळ रचनेप्रमाणे बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. अमेरिकन गाड्या बहुतांशी १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टवर चालत. ६ व्होल्टचा पंखा १२ व्होल्टवर लावला तर दुप्पट प्रवाह जाऊन त्याची जुनी वेटोळी थोड्याच वेळात जळते.

पंखा २ अँपिअर घेत असेल तर मधे ३ ओहमचा रोध घालून ६ व्होल्ट कमी करता येतात, परंतु त्या रोधात १२ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणून तो किमान २५ वॉटचा असावा आणि कापडापासून, तारांपासून दूर, पत्र्यावर घट्ट बसवावा. याहून चांगला उपाय म्हणजे व्होल्टेज उतरवणारा लहान कन्व्हर्टर, कारण इंजिन चालू असताना व्होल्टेज चौदापर्यंत चढते आणि रोध त्या चढउताराचा काही विचार करत नाही. मात्र बाजारातले बरेचसे कन्व्हर्टर ऋण टोक सांगाड्याला आहे असे गृहीत धरून बनवलेले असतात. आपल्या गाडीत त्याच्या दोन्ही तारा स्वतंत्र न्याव्यात, त्याचे धातूचे कवच सांगाड्याला टेकू देऊ नये आणि वाटेत फ्यूज घालावा.

पंख्याची मोटर कायम चुंबकाची असेल तर तारा उलट जोडल्यावर ती उलटी फिरेल आणि वारा डॅशबोर्डकडे जाईल. त्या काळच्या पुष्कळ मोटरींत चुंबकाऐवजी वेटोळीच असतात, आणि त्या तारा उलटल्या तरी एकाच दिशेने फिरतात. बॅटरीवर क्षणभर लावून पाहिले की कळेल.

पाती रबरी असण्याचे कारण हेच की पंखा जाळीशिवाय, हाताच्या टप्प्यात बसवला जात असे. साठ-सत्तर वर्षांचे रबर मुळाशी तडकलेले असू शकते. पाते वाकवून चीर दिसली तर पंखा शोकेसमध्ये ठेवा, फिरवू नका.

प्रश्न : माझ्या १९६२च्या फोक्सवॅगन बीटलसाठी एक जण ‘१९५१च्या बीटलच्या अस्सल हवा-झडपा’ देतो आहे. पुढच्या चाकामागचा पत्रा कापून त्या बसवून देऊ म्हणतो. दुर्मीळ वस्तू आहे, घ्यावी का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वस्तू खरोखर दुर्मीळ आहे. बीटलच्या पुढच्या बाजूच्या पत्र्यात, दाराच्या पुढे, अशा झडपा १९५१ आणि १९५२ या दोनच वर्षांत दिल्या गेल्या. वारा थेट मांड्यांवर आणि पायांवर येत असल्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्या बीटलप्रेमींनी त्यांना गमतीचे नावही ठेवले आहे. १९५२च्या ऑक्टोबरमध्ये दारांना त्रिकोणी काचा आल्या आणि झडपा गेल्या. आपल्या १९६२च्या गाडीला त्या काचा आहेतच. तेव्हा या झडपा त्या दोन वर्षांच्या एखाद्या गाडीची वाट पाहत राहिलेल्या बऱ्या. आपल्या गाडीचा निरोगी पत्रा त्यांच्यासाठी कापणे म्हणजे दोन्ही गाड्यांचे नुकसान आहे.

मागे बसणाऱ्यांना हवा मिळावी अशी इच्छा असेल, तर बाहेरच्या बाजूला किंचित उघडणाऱ्या मागच्या बाजूकाचा शोधा. पुढच्या कडेला बिजागरी आणि मागच्या कडेला चाप असलेल्या या काचा बीटलची त्या काळातली मान्य जोडवस्तू आहेत आणि पुढच्या त्रिकोणी काचांतून आलेल्या हवेला त्या बाहेरची वाट देतात. घेताना साल विचारा. १९६५च्या मॉडेलपासून बीटलच्या काचा मोठ्या झाल्या, त्यामुळे त्यानंतरची चौकट आपल्या गाडीत बसणार नाही. फोक्सवॅगनच्या व्हॅनला मिळणारी, वरच्या कडेवर उचलली जाणारी समोरची ‘सफारी’ काच १९६७पर्यंतच्या दुभागलेल्या काचेच्या व्हॅनसाठी असते. तिचा आपल्या गाडीशी संबंध नाही, कोणी गळ्यात मारू पाहिले तर सावध राहा.

प्रश्न : अशा जोडवस्तू लावल्याने गाडीच्या व्हिंटेज नोंदणीला बाधा येते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक वय झालेली, मूळ रूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने व्हिंटेज म्हणून नोंदवता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. खिडकीत अडकवायचा कूलर किंवा चापाने धरलेला पंखा काढला की गाडी जशीच्या तशी राहते, त्यामुळे त्याला बॉडीतला बदल म्हणता येणार नाही असे माझे मत आहे. झडपांसाठी कापलेला पत्रा मात्र नक्कीच त्यात मोडतो. तपासणीला जाताना सुटी जोडवस्तू काढून नेणे सोयीचे.

प्रश्न : आमच्या १९३०च्या दशकातल्या फोर्डला समोरच्या काचेपुढे, बॉनेटच्या मागे उघडणारी झडप आहे. उन्हाळ्यात ती उत्तम हवा देते, पण पावसात चालकाच्या पायावर पाणी गळते. ती कायमची बंद करून टाकावी का?
— एक वाचिका, मडगाव, गोवा

उत्तर : बंद करू नका, ती फार योग्य जागी आहे. चालत्या गाडीत समोरच्या काचेच्या पायथ्याशी वारा येऊन अडतो आणि तिथे हवेचा दाब वाढतो, म्हणून तिथली झडप थोडी उघडली तरी भरपूर हवा आत येते. सित्रोएन टू-सीव्ही आणि जुन्या लँड रोव्हर यांच्या काचेखालच्या झडपाही याच कारणाने तिथे आहेत. आपल्या गाडीनंतर अनेक वर्षांनी आलेल्या त्या गाड्यांनीही तीच जागा निवडली, हे लक्षात घ्या.

गळतीचे मूळ बहुधा दोन ठिकाणी असते. झडपेच्या कडेचे रबर दबून चपटे झालेले असते, किंवा झडपेभोवतीची पाणी वाहून नेणारी पन्हळ पानांनी आणि मातीने बुजलेली असते. आधी पन्हळ मऊ तारेने आणि कोमट पाण्याने स्वच्छ करा. मग एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने तांब्याने थोडे थोडे पाणी झडपेच्या एकेका कडेवर सोडावे. सगळीकडे एकदम पाणी ओतले तर ते कोठून शिरते हे कळत नाही. थेंब जिथे प्रथम दिसेल तिथे खडूने खूण करा.

रबर बदलताना बंद छिद्रांचे स्पंजी रबर घ्या, उघड्या छिद्रांचे घेऊ नका, कारण ते पाणी धरून ठेवते आणि खालचा पत्रा गंजतो. जुने रबर काढल्यावर पत्रा उघडा पडेल, त्याला लगेच गंजरोधक थर द्या. नवे रबर चिकटवल्यावर झडप एक रात्र बंद ठेवा. सकाळी रबरावर उमटलेला वळ सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात तो उमटला नसेल तर तिथे झडपेची बिजागरी किंवा आतला दांडा वाकलेला आहे, आणि तो सरळ केल्याशिवाय कितीही जाड रबर लावले तरी गळती थांबणार नाही. हे काम पावसाळ्याआधी, मे महिन्यातच उरकून घ्या, कारण दमट हवेत चिकटवण्याचा रस नीट वाळत नाही.